आधी मधल्या रांगेत बसा

सेकंडहँड सात सीटर बघायला गेलेली मंडळी आधी बोनेट उघडतात. टायरला लाथ मारतात, ‘अ‍ॅव्हरेज किती?’ विचारतात, पुढच्या चौकापर्यंत चक्कर मारून येतात. एजंट सांगतो, ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर.’ भाव ठरतो. ज्या लेकरासाठी एवढी मोठी गाडी घ्यायची, ते जिथे बसणार त्या मधल्या रांगेत तोवर कुणी बूड टेकवलेलं नसतं.

लहान मूल असलेल्या घरानं जुनी गाडी मधल्या रांगेवरून निवडावी. एर्टिगा, इनोव्हा, ट्रायबर, कोणतीही असो. इंजिन मेकॅनिकला दाखवता येतं, क्लच बदलता येतो. पण मुलाची सीट घट्ट बांधायला जागाच नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, तुमच्या कामाची नाही.

‘मांडीवर घेऊन बसलं की झालं,’ असं घरात कुणीतरी म्हणतंच, आणि मायेनंच म्हणतं. ताशी 50 किलोमीटरनं चाललेली गाडी कशावर तरी आदळली, तर आत मोकळं बसलेलं शरीर त्याच वेगानं पुढे जातं. हा वेग साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडताना जमिनीशी येतो तेवढा. अशा वेळी दहा किलोचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही, आणि मांडीवर घेणाऱ्यानं पट्टा लावला नसेल तर त्याचं सगळं वजन बाळावर येतं. मागची सीट आपोआप सुरक्षित असते, हा समज तर 2022च्या सप्टेंबरातच मोडायला हवा होता. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागचे दोघं गेले, पुढचे दोघं वाचले.

कायदा आहे. 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालआसनानं बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. तो भरताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. पोलीस पावती फाडतील तेव्हा बघू, असं म्हणणाऱ्या बापानं निदान स्वतःच्या पोराकडे बघावं.

तर मधल्या रांगेत बसा आणि पहिल्यांदा पट्टा ओढा. अगदी शेवटपर्यंत, रिकामा होईस्तोवर. आतल्या गुंडाळीत मातीचा डाग किंवा पाण्याची रेघ दिसली, तर ती गाडी पुरात उभी होती असं समजा. 2019 साली सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय, आणि अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीट शॅम्पूनं चकचकीत होते, पट्ट्याची गुंडाळी बहुधा कुणी धूत नाही. मग पट्टा झटक्यात ओढा, तो जागच्या जागी अडकला पाहिजे. कड उसवलेली असेल तर कारण विचारा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझायला हवा. तो पेटलाच नाही, तर कुणीतरी दिव्याची वायर काढलेली असू शकते, आणि आतली एअरबॅग एका अपघातात फुटून गेलेलीही असू शकते.

आता सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घाला. तिथे दोन लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स, म्हणजे बालआसन थेट गाडीला अडकवायची सोय, आहे. विक्रेत्यानं घातलेलं जाड रेक्झिनचं कव्हर या कड्या झाकून टाकतं. ते उचलायला सांगा, लाजू नका. कड्या नाहीत म्हणून गाडी लगेच बाद होत नाही. कमरेचा आणि खांद्याचा असा तीन बिंदूंचा पट्टा असेल, तर पट्ट्यानं बसणारी बालआसनं मिळतात आणि नीट बांधली तर चांगलं काम करतात. बरीच जुनी मॉडेल मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा देतात, तिथे अशी आसनं बसत नाहीत. जुन्या सुमो-बोलेरोतली मागची समोरासमोरची बाकं तर मुलांसाठी पूर्णच वर्ज्य. तिथे कोणतंही बालआसन लागत नाही.

सात सीटरची खरी अडचण पुढे येते आणि शोरूमवाला ती सांगत नाही. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट दुमडावी लागते. तिच्यावर बालआसन बांधलं की वाट बंद. मग प्रत्येक वेळी काकांना मागे सोडायचं म्हणून आसन सुटतं आणि घाईत ढिलं बांधलं जातं. मधे दोन वेगळ्या कॅप्टन सीट असलेली गाडी इथे उपयोगी पडते, कारण दोन्हींच्या मधून मागे जाता येतं. आसन एकदा बांधलं की हलवावं लागत नाही. एका माणसाची जागा कमी होते, होऊ द्या.

तारेही बघा, पण तारीख बघून. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत एर्टिगाला 2019 साली तीन तारे मिळाले. 2024 साली कडक नियमांखाली मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन मिळाले. आणि हे तारे नव्या, न ठोकलेल्या गाडीचे असतात. पत्रा ओढून रंग मारलेल्या गाडीला ते लावू नका.

बालआसन मात्र जुनं घेऊ नका. ते एखाद्या अपघातातून गेलं असेल तर प्लॅस्टिकमधले तडे डोळ्यांना दिसत नाहीत. ओळखीच्या घरातलं, अपघात न झालेलं, मुदत न संपलेलं असेल तरच घ्या. नवं घेताना आर 44 किंवा आर 129 लिहिलेलं नारिंगी लेबल शोधा. बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवा, जमेल तर त्यानंतरही, कारण त्याचं डोकं जड असतं आणि मान कोवळी. असं आसन चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीही ठेवू नका. फुटणारी बॅग आसनाच्या पाठीवर आदळते. खांद्याच्या पट्ट्याची चिमटीत घडी धरता आली तर तो ढिला आहे. बांधलेलं आसन बुडाशी धरून हलवल्यावर इंचभरापेक्षा जास्त सरकू नये. मूल रडेल. पहिले काही दिवस फार रडेल. तरी उचलून मांडीवर घेऊ नका, गाडी बाजूला थांबवा.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या हिशेबानं, नीट बांधलेल्या आसनामुळे कारमधल्या तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा 54 टक्क्यांनी कमी होतो. एवढं संरक्षण दुसरी कोणतीही अ‍ॅक्सेसरी देत नाही. म्यूझिक सिस्टीम आणि अलॉय व्हीलचे पैसे इकडे वळवा.

पुढच्या वेळी गाडी बघायला जाल तेव्हा बालआसन आणि मूल दोन्ही बरोबर न्या. विक्रेत्यासमोर आसन बांधा, मुलाला बसवा, दार लावा, कुणाला तरी तिसऱ्या रांगेत जायला सांगा. आसन घट्ट बसलं नाही, तर टोकन देऊ नका.