पणजोबांच्या पलीकडे

बऱ्हाणपुरातल्या कुठल्याही मराठी घरात 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारून बघा. चहा येईपर्यंत पेशव्यांची फौज दारात उभी राहते. कुणाचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर आलेले असतात, कुणाचे होळकरांच्या. एखाद्याच्या खापरपणजोबांना तर १८१८ साली दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांच्या स्वाधीन होण्याआधी, अशीरगडाच्या आसपास, स्वतःच्या हाताने निरोपाचा विडा दिलेला असतो. तेल गाळायला, सूत रंगवायला किंवा नुसतं पोट भरायला कुणाचाच पूर्वज इथे आलेला नाही. अमेरिकेतही हीच हौस आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून शंभरेक माणसं तिकडे गेली, त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात दगावली. तरी त्यांच्या वंशजांची रीतसर संस्था १८९७ पासून चालू आहे. तिथे पिढी न् पिढी कागदाने शाबीत केल्याशिवाय प्रवेश नाही. आमच्याकडे ही अट नाही, म्हणून आमची फौज मोठी.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याचं मात्र फौजेवर भागत नाही. त्याने संगणकावर वंशवृक्ष मांडलाय आणि त्यातला प्रत्येक चौकोन नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि आईचं नाव मागतो. सकाळी दूध तापत असताना फोन येतो, 'मामा, पणजोबांच्या वडिलांचं नाव?' नाव सोपं आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रितीमुळे आमच्या घरात त्र्यंबक विष्णू आणि विष्णू त्र्यंबक हे दोनच गृहस्थ आळीपाळीने दीडशे वर्षं जगले. कुठला विष्णू कुठल्या त्र्यंबकाचा, हे त्यांना तरी धड सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे, कारण घरात सगळे त्यांना आप्पा नाहीतर नाना म्हणत. तारखांचं त्याहून अवघड. माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. तिच्या लेखी आप्पा 'प्लेगच्या साली' गेले आणि नाना 'तापीला मोठा पूर आला त्याच्या आदल्या अधिकात' जन्मले. भाच्याच्या चौकोनात अधिक महिना बसत नाही.

लेखी पुरावा हवा तर नाशिक. आडनाव आणि गाव सांगितलं की आपले तीर्थोपाध्ये सापडतात, ते बासनातून वही काढतात आणि कुठला पूर्वज कुणाला घेऊन, कशासाठी आला होता ते वाचून दाखवतात. जुने लेख मोडीत आहेत. गुरुजी दम न घेता वाचतात आणि आपण मान डोलावतो. वाचलं ते बरोबर की चूक हे ताडायची सोय नसल्यामुळे श्रद्धा ठेवावी लागते, पण तीर्थक्षेत्री माणूस त्यासाठीच येतो. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं आणि शाळांचे दाखले उपसले जाऊ लागले, तेव्हा कुठे मोडी वाचणाऱ्याला भाव आला. अशा वह्यांची किंमत ओळखायला अमेरिकेतल्या युटा राज्यातले लोक मात्र चुकले नाहीत. तिथल्या वंशावळ-संस्थेने १९७७ पासून हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढायला घेतली. तिच्या फिल्मा सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवतात. ही संस्था मॉर्मन पंथाची. पूर्वजांचं नाव कळलं की त्यांच्या नावाने बाप्तिस्मा करून त्यांना सद्गती देता येते, अशी त्या पंथाची श्रद्धा. म्हणजे पिंड वेगळा, हेतू तोच.

गावातल्या गावात वंशावळ बघायची असेल तर मात्र जामा मशिदीत जावं. फारुकी सुलतान आदिलशाह, ज्याला राजा अलीखानही म्हणत, त्याने ही मशीद बांधवली. आत अरबी लेखाबरोबर चक्क एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६, शके १५११, शिवाय तिथी, वार, नक्षत्र, सगळं पंचांग आहे. फारुकी स्वतःला खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवत, तेव्हा थोर पूर्वजाची हौस काही आमच्यापासून सुरू झालेली नाही. राजा मलिकपासून बाप-लेक असं मोजत लेख आदिलशाहापर्यंत येतो. वाटेत कैसरखान आणि हसन लागतात. हे दोघे कधी गादीवर बसले नाहीत, तरी बाप म्हणून त्यांना जागा मिळाली. आता गंमत बघा. हसनचा मुलगा आदिलखान गादीवर आला तो आजोळच्या जोरावर. त्याची आई गुजरातच्या महमूद बेगड्याची मुलगी, आणि बेगड्याने फौज आणून नातवाला इथे बसवलं. जिच्यामुळे राज्य मिळालं, तिच्या वाट्याला त्या दगडावर एक अक्षरही नाही. बऱ्हाणपुरात नाव राहिलेली बाई म्हणजे मुमताजमहल. ती १६३१ साली इथे चौदाव्या बाळंतपणात गेली, आणि तिलाही नंतर आग्र्याला नेलं.

नाशिकची आमची वहीही त्याच वळणाची, बाप-लेकांची. माझ्या बहिणीच्या मुलाला त्या वहीत जागाच नाही. तरी त्याला जे हवं होतं ते आत्याकडे होतं. विष्णू-त्र्यंबकांत तिचा गोंधळ होतो, पण त्यांच्या बायका तिला पाठ आहेत: रावेरची काकू, सावद्याची आजी, यावलची पणजी जिने पाटल्या मोडून विहीर खणवली, आणि तिच्याशी बारा वर्षं न बोललेली रावेरचीच जाऊ. भाच्याने ती माहेरं नकाशावर मांडली. सगळी तापीच्या खोऱ्यातली निघाली. पुण्या-साताऱ्याकडची एकही सून नाही. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हे शहर निजामाकडून मराठ्यांकडे आलं हे खरं. पण फौजेबरोबर दक्षिणेतून आलेल्या घराने दोन-चार पिढ्या तरी तिकडच्या सुना आणल्याच असत्या. आमचे लोक बहुतेक कुठून आलेच नव्हते. मोगलांच्या वेळी बऱ्हाणपूर हीच खानदेश सुभ्याची राजधानी होती. पुढे इंग्रजांनी आम्हाला निमाड जिल्ह्यात घालून मध्य प्रांताला जोडलं, आणि नागपूरला असलेली आमची राजधानी १९५६ साली भोपाळला गेली. रावेर, सावदा, यावल सीमेपलीकडे राहिली.

आत्याला हे पटलेलं नाही. फौज तिला हवीच आहे. मी वाद घालत नाही, नाहीतर पुढची माहेरं सांगायची ती थांबेल.

तुम्ही नाशिकला गेलात तर उपाध्यांच्या वहीत आई, आजी, पणजी यांची नावं माहेरच्या आडनावासकट लिहवून घ्या. दक्षिणा तेवढीच पडते.