जीभ वर करा

‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणायला अख्खा महाराष्ट्र एका पायावर तयार असतो. तिथल्या मनोरुग्णालयात जाऊन रात्रपाळी करायची म्हटलं, की मात्र प्रत्येकाला गावाकडची शेती आठवते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला 2018 मध्ये. लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ दहा वर्षांत मिळवण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं त्याचं 31 वं कलम सांगतं. प्रयत्न जोरात आहेत. देशात लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम पाऊण. उरलेला पाव बहुधा प्रतिनियुक्तीवर असावा.

नर्सेसचं तर त्याहून छान चाललंय. 2024 मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्गशी करार केला. कुशल मनुष्यबळ आपण पुरवायचं, त्यात परिचारिकाही आल्या. तिकडच्या आजी-आजोबांचं कल्याण होवो. इकडचा वॉर्ड एक सिस्टर आणि एक मावशी सांभाळून नेतील, सवय आहे त्यांना.

नाहीतरी सिस्टर करते काय? गोळ्या वाटते. मग ‘आ करा, जीभ वर करा’ म्हणत गालात गोळी दडवलीय का, ते बघते. जेवणं झाली की चमचे मोजून घेते. काल दिवसभर रडणारे काका आज एकदम शांत झाले, हातातलं घड्याळ शेजारच्याला देऊन मोकळे झाले, की हिच्या पोटात गोळा येतो. काही न बोलता ती त्यांची खाट आपल्या टेबलाशेजारी ओढून घेते. या कामाला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. सबब, ते काम नव्हे.

आता तंत्रज्ञान आलंय. ‘टेलि-मानस’चा 14416 हा नंबर 2022 पासून चोवीस तास चालतो. सोय चांगली आहे, तिची टिंगल नको. फक्त फोन उचलायला तिथेही माणसंच बसवावी लागली, एवढीच काय ती खंत. म्हणून यापुढे चॅटबॉट! रजा नाही, रात्रपाळीचा भत्ता नाही, बाळंतपण नाही, युनियन तर नाहीच. गोळी दिल्याची वेळ तो बिनचूक नोंदवेल. ‘कृपया जीभ वर करा’ असं नम्रपणे सांगेल. रुग्ण ‘केली’ असं टाइप करेल. नोंद पूर्ण.

कलमातली दहा वर्षं 2028 मध्ये संपतात. काळजीचं कारण नाही. मुदतवाढीचा मसुदा लिहिणाऱ्याचं पद कधी रिक्त राहिल्याचं ऐकिवात नाही.