डोक्यामागची देवराई

सिद्धगडाखालच्या नारिवलीपासून मुरबाडपर्यंत लग्नाळू पोरांना हल्ली सातबाऱ्याइतकीच भांगाची काळजी. भांग रुंदावला की गाठलं कल्याण! तिथे केशरोपणाच्या दवाखान्यात टाळूवर भिंग धरण्याआधी हप्ता किती झेपेल ते विचारतात. मागचे केस म्हणजे डोक्याची देवराई. ती दाट असेल तरच पुढच्या लागवडीला अर्थ. सगळीकडूनच विरळ झालेल्या डोक्यात बऱ्याचदा मागचेही बारीक होत आलेले असतात. पुढे लावले तरी कालांतराने गळायचेच. वर शस्त्रक्रियेच्या धक्क्याने शेजारचे झडू शकतात, ते वेगळंच. आधी थायरॉइड आणि लोह तपासून घे म्हणणाऱ्याला कमिशन कोण देणार? यूट्यूब बघून केशरोपण शिकता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी सांगावं लागलं. फेटा मात्र मुरबाडच्या बाजारातच मिळतो, तोही बिनहप्त्याचा.