एम.टेक.ची उचल

एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात १०० मार्कांचे ६५ प्रश्न, आणि एकच पर्याय निवडायच्या प्रश्नात चुकलं की मिळवलेल्यातूनही कापून घेतात. त्यातून जो स्कोअर उरतो तो तीन वर्षं चालतो. माझा जितक्या लवकर बाद होईल तितकं बरं, असं घरच्यांचं मत पडलं. मी मात्र अंबाजोगाईत बसून देशभरातल्या आयआयटींना पास-नापास करायला घेतलं.

एक्सेलची शीट केली. रँकिंग, प्लेसमेंट, जीपीयू, मेस. प्रत्येकाला गुण आणि गुणांना वजन. पवईची आयआयटी पहिली येईना, म्हणून वजनं बदलली. तेव्हा कुठं ती वर सरकली, तर ‘प्रवेश मिळण्याची शक्यता’ हा रकाना मध्येच कडमडला. तो मी लपवला. एक्सेलमध्ये तशी सोय आहे.

आबा शेजारी येऊन बसले. उमेदीत त्यांनी ऊसतोडीसाठी सांगली-कोल्हापूरकडचे कारखाने पालथे घातलेत.

“किती भरायचे?”

“फी असते, पण महिन्याला १२,४०० उलट आपल्यालाच मिळतात. बदल्यात प्रॅक्टिकल घ्यायची, पेपर तपासायचे.”

“म्हंजे उचल घ्यायलास.”

मी स्टायपेंड आणि उचल यांतला फरक समजावू लागलो आणि बोलता बोलता सांगून बसलो, की पवईत टीचिंग असिस्टंट म्हणून गेलं तर दोन वर्षं लागतात, रिसर्च असिस्टंट म्हणून गेलं तर तीन.

“तीन वर्षांत फिटंल ना?” आबांनी काळजीनं विचारलं. “अन् मुकादम कोण हाय?”

“गाइड म्हणतात त्याला.”

“नाव काय त्याचं?”

मला कॅम्पसलगतच्या तलावाचं नाव ठाऊक होतं, मेसचा मेनू तोंडपाठ होता. गाइडचा रकानाच नव्हता.

“कारखान्याचं नाव काय चाटायचंय का? मुकादम वंगाळ निघाला की हंगाम गेला.”

हे शीटमध्ये कुठं बसवावं कळेना, पण खोडताही येईना. रात्री एका संस्थेतल्या प्राध्यापकांचं पान सापडलं. विषय माझ्या आवडीचा, संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचा. त्यांचा एक शोधनिबंध उघडला. त्यातलं शीर्षक आणि शेवटचे आभार मला व्यवस्थित समजले. तेवढ्या भांडवलावर ‘आपल्या कामानं मी भारावून गेलो आहे’ अशी लांबलचक ईमेल पहाटेपर्यंत खपून लिहिली आणि पाठवून दिली.

दुपारी उत्तर आलं. ते केव्हाच निवृत्त झाले होते; पान बदलायचं तेवढं राहून गेलं होतं. शुभेच्छा दिल्या होत्या.

कॉम्प्युटर विभागाचं पान! मी तोंड पाडून आबांना सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही.

“मग त्याची टोळी आता कोण चालवायलाय, ते विचारलंस का?”