पथ्य सांगणारे काकाजी

'काही चांगलं वाचायला द्या' हे वाक्य दिग्रसच्या वाचनालयात मोठ्यानं बोलू नये. ग्रंथपाल बिचारे कपाटाची किल्ली शोधत असतात, तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलापलीकडून आवाज येतो, "चांगलं म्हणजे कसं जी?"

हे काकाजी. ते ग्रंथपाल नाहीत, संचालक मंडळावर नाहीत, त्यांना कुणी नेमलेलंही नाही. असा एक माणूस दारव्ह्याला असतो, पुसदला असतो, तसा आमच्याकडेही आहे. नोकरीतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, आणि गावात कुणाचं काय बिघडलंय याची पक्की माहिती. आवडनिवड हा प्रकार त्यांना मान्य नाही. आवड पानठेल्यावर विचारावी. पुस्तक प्रकृती पाहून द्यावं, असं त्यांचं शास्त्र आहे.

ऐतिहासिक कादंबरी मागितली की उलटतपासणी सुरू होते. "गडावर जायचं हाये, दरबारात बसायचं हाये, का मनसोक्त रडायचं हाये?" गडवाल्याला गो. नी. दांडेकर. मात्र दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, हे ऐकून घेतल्याशिवाय पुस्तक हातात पडत नाही. सह्याद्री पुण्याकडच्यांचा असेल, पण चढून दाखवला तो आपल्या वऱ्हाडच्या माणसानं, असा एकूण सूर. दरबारवाल्याला रणजित देसाई. रडणाऱ्याला विश्वास पाटलांचं 'पानिपत', तेही सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर. आधीच कोलमडलेल्या माणसाला ते देत नाहीत.

पथ्यं तर फारच कडक. वाटणीचा दावा सुरू असलेल्या घरात 'मृत्युंजय' बंद. यामागे अनुभव आहे. एका थोरल्या भावानं ऐन दाव्यात शिवाजी सावंतांची ही कादंबरी वाचायला घेतली. तोवर भांडण तीन एकरांचं होतं. पुस्तक संपलं तेव्हा तो सूर्यपुत्र झाला होता. तडजोडीला आलेल्या मामाला तो कवचकुंडलांबद्दल बोलू लागला. जे आपसात मिटायचं ते अपिलात गेलं. तेव्हापासून 'मृत्युंजय' मागणाऱ्याला पहिला प्रश्न, "सातबारा कोणाच्या नावावर हाये?"

लग्नाच्या आहेरात 'स्वामी' द्यायचीही बंदी आहे. नाव पाहून लोक घेतात. "मुखपृष्ठ पाह्यलं, शेवट पाह्यला का बाप्पा? माधवराव सत्तावीस वर्षांचे गेले, रमाबाई सती गेल्या. हे नवरीच्या हातात देता?" नवरीला काय द्यावं, हे मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

ना. सं. इनामदारांचा त्यांनी केलेला उपयोग मला थोर वाटतो. इतिहासानं नापास केलेल्यांची उत्तरपत्रिका पुन्हा तपासणारा हा लेखक. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यांवर, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर. नगर परिषदेच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला काकाजी 'मंत्रावेगळा' घरपोच देतात. एका उमेदवारानं ती आठवड्यात परत केली. चेहऱ्यावर तेज. "म्हणजे लोकं तवाही असेच होते तं!" पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पडला. या वेळी त्याला 'झेप' मिळाली.

२०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला आणि कधी न फिरकलेली पोरं वाचनालयात शिरली. सावंतांची कादंबरी १९७९ची, हे ऐकून त्यांना पुस्तकानं सिनेमाची नक्कल केली नसल्याची खात्री पटली. काकाजींनी पुस्तक दिलं, पण पुढे पानठेल्यावर एक पोरगा त्यातलं वाक्य पुरावा म्हणून ठणकावू लागला, तेव्हा त्यांनी चहा खाली ठेवला. "हे महाराज बोलले का सावंत?" पोरगं गप्प. "कादंबरीचा उतारा तलाठी देत नाही. कागद पायजे." दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या हातात वा. सी. बेंद्र्यांचं जाडजूड संभाजीचरित्र होतं. ते त्यानं वाचलं की नाही ठाऊक नाही. हल्ली तो दुसऱ्या पानठेल्यावर उभा राहतो.

निदान चुकतंही. बचत गटातल्या एका बाईंना त्यांनी उद्धव शेळक्यांची 'धग' दिली. आपल्या भाषेतली, कौतिकसारखी खमकी बाई, यांना पटणारच, असा हिशेब. बाईंनी चौथ्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे तं आमच्या घरी रोजच चालते. मले काही दुसरं द्या." आणि स्वतःच नारायण धारप उचलला. "भुतं बरी जी. उसने पैसे तं मागत नाहीत." काकाजींनी दोन दिवस कुणाला काही सुचवलं नाही. कापूसवाल्या एका शेतकऱ्याला मोठ्या आशेनं 'एक होता कार्व्हर' दिलं होतं. कपाशीनं थकलेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला लावणाऱ्या त्या शास्त्रज्ञाची सगळी तपश्चर्या वाचून त्यानं एकच विचारलं, "भुईमुगाले भाव काय भेटला होता?"

एक पुस्तक मात्र नेमकं बसलं. अरुणावतीच्या धरणात शेत गेलेले एक आजोबा दुपारी नुसते पंख्याखाली बसायला येत. काकाजींनी त्यांना 'झाडाझडती' दिली. धरणग्रस्तांवरच्या या कादंबरीला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, हे सांगायला गेले तर आजोबा म्हणाले, "पुरस्कार राहू द्या, मोजणी बरोबर लिवली का ते पाहतो." महिन्यानं पुस्तक परत आलं. पानोपानी समासात पेन्सिलीनं आकडे. कुठे आपला दर, कुठे 'आमच्याकडे असंच', कुठे नुसतं 'खरं हाये', आणि एका अधिकाऱ्याच्या तोंडच्या वाक्याशेजारी छापता न येणारा अभिप्राय.

ग्रंथपालांनी नियमावर बोट ठेवलं. पुस्तकात लिहिलं, दहा रुपये दंड. काकाजी मध्ये पडणार तोच आजोबांनी धोतर सावरलं आणि शांतपणे सांगितलं, "वाढीव मोबदल्याचा दावा कोर्टात हाये. लागला का त्यातून कापून घ्या जी."