कथेच्या विरोधात

शेवगावच्या क्रांती चौकात उभं राहून "डायरेक्टर कुठं भेटतील?" असं विचारलं, तर समोरचा पत्ता सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो. "लग्न कधीचंय?" आणि "ड्रोन लावणार का?" डायरेक्टरला हे ठाऊक आहे, आणि त्याचं त्याला दुःखही आहे. स्वतःच्या मते तो प्रायोगिक चित्रपट-कलावंत आहे. कार्डावर तसं छापलंयही, फक्त मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला 'शूटिंग, मिक्सिंग, करिझ्मा अल्बम' असं आहे, कारण कार्ड छापायचे पैसे पुढच्या बाजूनं येतात.

असा एक डायरेक्टर आता तालुक्यागणिक निघतो. पाथर्डीला असेल, गेवराईलाही असेल. अंगात चुरगळलेला खादीचा कुर्ता, गळ्यात कॅमेरा, आणि तोंडात 'स्पेस' हा शब्द. शेवगावात स्पेस म्हटलं की लोकांना प्लॉट वाटतो. "कुठल्या रोडला? पैठण रोडला की नेवासा रोडला?" असं ते आपुलकीनं विचारतात.

कारकिर्दीची सुरुवात नगरची. न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढं 'फँड्री' आला आणि २०१६ साली 'सैराट'. तेव्हापासून आमच्या भागातली पोरं कॅमेऱ्याकडे तलाठी भरतीइतक्याच गांभीर्यानं बघायला लागली. बाकीची पोरं आपापला 'सैराट' काढायला निघाली. आमचा गडी मात्र पुण्याला गेला आणि तिथं कुणीतरी त्याला मणी कौल यांचा 'उसकी रोटी' दाखवला. एक बाई नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्याकडेला बसची वाट बघते, बघते आणि बघतच राहते. थिएटरातली निम्मी माणसं चुळबुळ करत होती. हा ताठ बसला. भाकरी घेऊन वाट बघणं तर आपल्याकडे रोज चालतं आणि तिथं कॅमेरा लावायचं कुणाला सुचलं नाही, या विचारानं त्याला त्या रात्री झोप आली नाही.

गावी परतल्यावर अण्णा म्हणाले, "शिकून आलास, आता काढ एखादा पिच्चर. सैराटसारखा."

"अण्णा, मी कथेच्या विरोधात आहे."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. हयातभर त्यांनी कुणाच्या ना कुणाच्या विरोधात असलेलीच माणसं पाहिली होती. कुणी कारखान्याच्या विरोधात, कुणी बाजार समितीच्या, कुणी सोसायटीच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग पॅनल कुणाचं?"

पहिली कलाकृती एसटी स्टँडावर झाली. तिच्यामागं इतिहास होता. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसानं हिंदुस्थानातला पहिला चित्रपटाचा खेळ केला, आणि त्यात स्टेशनात गाडी येते एवढाच मिनिटभराचा एक तुकडा होता. डायरेक्टरला सिनेमाच्या मुळाशी जायचं होतं. शेवगावला रेल्वे नाही, म्हणून तो स्टँडावर गेला. कॅमेरा लावला. गाडी वेळेवर आली. पण नेमकी ती येत असताना पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ भिंगापुढं येऊन "कशाचं शूटिंगे?" असं विचारत उभे राहिले आणि गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. दुसरा कुणी असता तर त्यानं पुन्हा घेतलं असतं. डायरेक्टरनं तेच ठेवलं. पडद्यावर शर्टाची एक गुंडी दिसते, मागं ब्रेक वाजतो, कंडक्टर ओरडतो, दार आपटतं. गाडी प्रेक्षकानं आणायची. त्यावर त्यानं अकरा पानांचं निवेदन लिहिलं. त्या गृहस्थांना कळलं तेव्हा त्यांनी त्या पिच्चरमध्ये आपण हिरो असल्याचं सगळ्या बाजारात सांगितलं.

डायरेक्टरच्या बाबतीत हे नेहमी असंच होतं. तो कथा दारातून घालवतो आणि लोक तिला खिडकीतून आत घेतात.

पुढची प्रेरणा थेट दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एका कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी चित्रित केली होती. पडद्यावर कोंब सरसर वर आला, आणि पैसे मिळाले. मराठी सिनेमाचा पाया असा वाटाण्यावर उभा आहे, याचा आपल्याला विसर पडला, असं डायरेक्टर म्हणतो, आणि इथं मी त्याच्याशी सहमत आहे. त्यानं कपाशीचं बोंड निवडलं. बांधावर कॅमेरा रोवून बोंड उमलेपर्यंत ठरावीक वेळानं एकेक चित्र घ्यायचं. तिसऱ्या दिवशी आईनं ते बोंड वेचलं. "फुटलं की वेचायचं असतं बाबा, बघत नसतंय बसायचं," ती म्हणाली. मजुरी कितीवर गेलीय, हेही तिनं सांगितलं. चित्रपट त्यामुळं अर्ध्यावर संपतो. शेवटच्या चौकटीत बांगड्या घातलेला हात आहे. एका स्पर्धेतल्या परीक्षकानं त्या हाताला 'नियती' म्हटलं. आईला अजून हे सांगितलेलं नाही.

मग बोंडअळी आली. अमेरिकेत स्टॅन ब्रॅकेजनं १९६३ साली कॅमेरा न वापरता पतंगांचे पंख आणि पाकळ्या चिकटपट्टीवर लावून 'मॉथलाइट' केला. डायरेक्टरनं ते वाचलं आणि शेतातल्या कामगंध सापळ्याकडं त्याचं लक्ष गेलं. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग खच्चून भरलेले. ब्रॅकेजला एवढा कच्चा माल जन्मात मिळाला नसेल. जत्रेतल्या तंबू टॉकीजची जुनी रिळं बाळगून असलेल्या एका म्हाताऱ्याकडून त्यानं हातभर पट्टी मिळवली आणि आठवडाभर चिमट्यानं पंख चिकटवले. आता ही पट्टी चालवायला प्रोजेक्टर पाहिजे होता. तो मिळेपर्यंत पट्टी फरसाणच्या डब्यात ठेवली. डबा उघडला तेव्हा मुंग्यांनी संकलन पूर्ण केलेलं होतं. पट्टी कोरी. सर्वांत मूलगामी काम हेच झालं, असं तो मानतो. श्रेयनामावलीत त्यानं मुंग्यांचं नाव घातलं आहे, स्वतःच्या खाली.

पण त्याचं नाव गावात झालं ते 'शीर्षकहीन ३' मुळं. ('१' आणि '२' बद्दल विचारू नये.) न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीपुढं कॅमेरा लावून १९६४ साली अँडी वॉरहॉलनं आठ तासांचा 'एम्पायर' केला. त्यात इमारत उभी असते. आमच्याकडं तेवढी उंच इमारत नाही, पण विहिरीवरची स्टार्टरची पेटी आहे. ऐन जानेवारीत, रात्री साडेअकराला, डायरेक्टरनं पेटीचं दार उघडं ठेवून त्यापुढं कॅमेरा लावला. अंधार, रातकिडे, लांब कुठं कुत्रं. पेटीवरचे तीन दिवे विझलेले. त्रेचाळीस मिनिटं.

खेळ मारुतीच्या पारापुढं झाला. चादर बांधली. बाया-बापे, पोरं, कीर्तन आहे समजून आलेले दोन वारकरी, झाडून सगळे जमले. पहिली पाच मिनिटं कुजबुज झाली. मग एकाला पेटी ओळखू आली.

"आरं, स्टार्टरे."

"कुणाचाय?"

"लाईट नाही वाटतं."

इथून पुढं जे झालं ते कुठल्याही महोत्सवात झालेलं मी ऐकलेलं नाही. सगळा पार पुढं सरकून बसला. रात्रीच्या लाईटची वाट बघण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्यापुढं लाईटची वाट बघणारी पेटी! वॉरहॉलला असा प्रेक्षक कुठून मिळणार? पंधराव्या मिनिटाला तज्ज्ञांचं मत पडायला लागलं. एक म्हणाला, फ्यूज गेलाय. दुसरा म्हणाला, फ्यूज ठीकेय, एक फेज कमी येतोय. तिसऱ्यानं, पेटीला ऑटो बसवलाय का ते डायरेक्टरला दाखवता येईल का, अशी विचारणा केली. बायकांनी, एवढ्या थंडीत माणूस मळ्यात एकटा पाठवला त्या घरच्यांना नावं ठेवली. खरं तर पडद्यावर माणूस नव्हताच.

एकतिसाव्या मिनिटाला दिवे लागले. एक, दोन, तीन. पारावर टाळ्या, शिट्ट्या. मोटारीनं घुर्र केलं आणि मागच्या बाजूचे एक आजोबा सवयीनं बॅटरी घेऊन उठले. "दारं धरायला जातो," म्हणाले. त्यांना धरून बसवावं लागलं. "आबा, पिच्चरातली आलीये, आपली नाही."

तेवढ्यात आपली गेली. गावातली. पडदा काळा झाला, मोटार बंद पडली. लोक शांत बसून राहिले. पिच्चरातलीच परत गेली, असा सगळ्यांचा समज. अशी दहा मिनिटं गेली, कुणी हललं नाही. शेवटी एक पोरगं चादरीमागं जाऊन बघून आलं, तेव्हा उलगडा झाला. उठता उठता लोक म्हणत होते की पिच्चर एक नंबर, शेवट तेवढा ताणलाय.

दुसऱ्या दिवशी भेटलो तर डायरेक्टर चहाकडं न बघता बसलेला. म्हटलं, "अरे, हाऊसफुल्ल गेला!"

"त्यांना गोष्ट सापडली," तो म्हणाला.

एका ऑनलाइन महोत्सवानं 'शीर्षकहीन ३' ला निवडल्याचं कळवलं. प्रवेश फी डॉलरात होती, ती एका साखरपुड्याच्या बयाण्यातून गेली. पोस्टरवर लावायला दोन पानांच्या डहाळ्यांची खूण आली. मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, 'शेवगावच्या भूमिपुत्राची आंतरराष्ट्रीय झेप'. त्यावर शुभेच्छुकांचे अकरा फोटो होते. भूमिपुत्र कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

लग्नाचं म्हणाल तर शेतकऱ्याच्या मुलाला आधीच मुलगी मिळत नाही, त्यात हा. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कुठला पिच्चर काढला?" "शीर्षकहीन." "म्हणजे नाव ठरायचंय अजून?" "नाही, ठरलंय." पाहुण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मध्यंतरी हार्ड डिस्क उडाली. तिच्यात वर्षभराचं काम होतं. चित्रकार अकबर पदमसी यांनी एकोणीसशे सत्तरच्या सुमारास 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नावाचा प्रायोगिक लघुपट केला होता, त्याची एकुलती एक प्रत हरवली. न दिसणारा तो सिनेमा पुढं दंतकथा झाला आणि २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवण्यावरच एक सिनेमा केला. डायरेक्टर हे सांगून स्वतःची समजूत घालत होता. अडचण एवढीच की त्याच डिस्कमध्ये बोधेगावची एक हळदही होती. सिनेमा हरवला तर इतिहास होतो. हळद हरवली तर नवरीचे दोन भाऊ येतात. ते आले. अण्णांनी मिटवलं.

त्या रात्री त्यानं अण्णांना कमल स्वरूप यांच्या 'ओम दर-ब-दर'चं उदाहरण दिलं. १९८८ साली झालेला सिनेमा थिएटरात लागला २०१४ साली. "सव्वीस वर्षं लागतात अण्णा, लोकांना कळायला." अण्णा म्हणाले, "लागू दे. बँकेला लवकर कळतंय."

तर पोट लग्नांवर. त्यातही त्यानं सुरुवातीला प्रयोग करून पाहिले. एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना सात मिनिटं मांडवाबाहेरच्या चपलांवर कॅमेरा ठेवला. त्यातून मामाचा आहेर गेला. तेव्हापासून बोलणी करताना लोक पहिलीच अट घालतात की आहेर पूर्ण आला पाहिजे, चपला नकोत. माझं मत विचाराल तर त्यानं उगाच पुण्याला जाऊन मणी कौल पाहिले. चार तासांची लग्नाची कॅसेट, तिला ना कथा ना संवाद, चेहरे एकामागून एक भिंगात बघून दचकतायत आणि सगळ्यावर सनई. कथेच्या विरोधात याहून जास्त काय जाता येतं?

हे त्याला कळत नाही, असं मी समजत होतो. मग एकदा त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. पंगतीत कॅमेरा पुढं आला की माणूस घास हातात धरून थांबतो. ना तोंडात घालवत, ना खाली ठेवता येत. मिक्सिंग करताना हे तुकडे कापावेच लागतात. यानं ते फेकले नव्हते. वर्षानुवर्षांच्या लग्नांतले, सगळे एकामागून एक जोडले होते. सरपंच, ऊसतोडीवरून परतलेलं जोडपं, मास्तर, भटजी, वरमाय, चोरून तिसरी जिलेबी घेणारे डॉक्टर, घुसून पुढच्या पंगतीत बसलेली पोरं. सगळ्यांचा घास हवेत. वीस मिनिटं मी हसलो, आणि मधेच एका म्हातारीपाशी हसू थांबलं. तिनं कॅमेरा आल्यावर घास शेजारच्या नातवाच्या पानात ठेवला होता.

"हे पाठव की कुठंतरी," मी म्हणालो.

"लोक हसतील," तो म्हणाला. त्याच्या शास्त्रात ते बसत नव्हतं.

तरी पाठवला. परदेशातल्या एका महोत्सवानं घेतलाही, अगदी फी न मागता. दिग्दर्शकानं जातीनं यावं, राहण्याची सोय आम्ही करू, अशी पत्रातली भाषा. आयुष्यभर ज्या पत्राची वाट बघितली ते हेच. डायरेक्टरनं तारीख पाहिली. मग पंचांग पाहिलं. त्या दिवशी एकट्या शेवगाव तालुक्यात त्याच्या तीन ऑर्डरी होत्या, दोघांचे बयाणे खर्चूनही झाले होते. त्यानं नाइलाजानं उत्तर लिहिलं की येता येत नाही, मोठी तीथ आहे. पत्रात सिनेमाचं नाव लिहायचं राहूनच गेलं होतं, नेहमीप्रमाणे. संयोजकांनी आपल्या परीनं अर्थ लावला. महोत्सवाच्या छापील पत्रिकेत तो सिनेमा 'मोठी तीथ' या नावानं लागला.