अखंड लॅपटॉप व्रत

मराठी मध्यमवर्गीय घरात नवरा-बायकोचा अबोला चालू असला, तरी एक वाक्य चालूच असतं: ‘तिकडचा पंखा कोण बंद करणार?’ गिझर चुकून राहिला तर चौकशी आयोग बसतो. गावाला निघताना गॅस, नळ, मेन स्विच सगळं बंद करायचं, कुलूप लावून ओढून बघायचं आणि रिक्षात बसल्यावर ‘गिझर केलास ना बंद?’ म्हणून एकमेकांना घाम फोडायचा. फ्रिजला तेवढी सूट, कारण दूध. अशा घरात गेल्या काही वर्षांत एक यंत्र चोवीस तास चालू राहायला लागलंय आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही. उलट त्याची बडदास्त नंदादीपासारखी: विझता कामा नये, घर रिकामं सोडताना त्याची सोय लावायची आणि कामाच्या मावशींनी त्या कोपऱ्यात फडकं मारायचं नाही.

आमच्या इमारतीत याला विरोध करणारा एकच आवाज आहे, चौथ्या मजल्यावरच्या नानांचा. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. रात्री अकरा वाजता ते घरभर फिरून बटणं बंद करतात. सवयीने जिन्यातला दिवाही बंद करायचे, त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव झाला.

नानांचा मुद्दा विजेचा. मी तो कागदावर मांडून पाहिला. साधा लॅपटॉप नुसता उघडा, चालू ठेवला तर दहा वॉटच्या आसपास खातो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ७.२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याचे ७२ रुपये. झाकण मिटून झोपवला तर खर्च वॉटभरावर येतो आणि महिन्याचा हिशेब कटिंग चहाच्याही खाली जातो. हे मी नानांना सांगायला गेलो तेव्हा ते रिमोटने टीव्ही बंद करत होते. टीव्ही बंद झाला. त्याखालचा सेट-टॉप बॉक्स लाल दिवा लावून रात्रभर जवळपास लॅपटॉपएवढीच वीज पितो, पण त्याच्यावर अजून गुन्हा दाखल झालेला नाही.

तेव्हा वीज सोडा. खरी हाणामारी दोन पंथांत आहे. अखंडवादी म्हणतात, रोज बंद-चालू केल्याने मशीन झिजतं. हे त्यांना काकांनी सांगितलेलं असतं आणि काकांना कधीकाळी कॉम्प्युटर क्लासवाल्याने. बंदवादी म्हणतात, यंत्र झालं तरी त्याला विश्रांती नको का? दोघांनाही पत्ता नसतो की आजकालचा लॅपटॉप बंद करूनही बंद होत नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘शट डाउन’ दाबलं की यंत्र आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून कामाला लागतं. ही सोय आपण होऊन काढली नसेल, तर धुऊनपुसून नवी सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ दाबल्यावर. म्हणजे बंद केलेला बंद नसतो, आणि पुन्हा चालू केलेलाच खरा बंद झालेला असतो. सरकारी चौकशांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बंदवाद्यांकडे तसे पुरावे दणदणीत आहेत. विंडोज ९५ मध्ये मिलिसेकंद मोजणारा एक आकडा होता, तो ४९.७ दिवसांनी भरून जायचा आणि यंत्र लटकायचं. हे जगाला कळलं १९९९ मध्ये. इतका वेळ का लागला, याचं दुष्ट लोकांनी दिलेलं उत्तर असं, की तोवर ते यंत्र न लटकता एवढे दिवस चाललेलं कोणी पाहिलंच नव्हतं. त्याहून मोठा पुरावा आकाशात आहे. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोइंग ७८७ ‘ड्रीमलायनर’बद्दल आदेश काढला: या विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणारी यंत्रणा एकदम हात वर करू शकते, सबब मुदतीच्या आत विमान बंद करून चालू करावं. ‘सर, एकदा रीस्टार्ट करून बघता का?’ हे हेल्पडेस्कवरच्या मुलाचं वाक्य आपण हसण्यावारी नेतो. ते ड्रीमलायनरलाही लागू पडलं.

अखंडवादी यावर व्हॉयेजरचं नाव घेतात. १९७७ साली सोडलेली दोन यानं, आजतागायत चालू! बरोबर आहे. पण ती चालू ठेवण्यासाठी नासाने काय केलं, हे ते सांगत नाहीत. व्हॉयेजर १ चे कॅमेरे १९९० मध्येच बंद केले. मग हीटर, मग एकेक उपकरण. सूर्यमालेच्या टोकाला पोचलेल्या यानात जाऊन ‘इथे कोणी बसलेलं नाही, मग हे कशाला चालू?’ म्हणणारा एखादा नाना त्यांच्याकडेही असणारच.

बॅटरीचं दुखणं मात्र खरं. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. ती गादीवर, गोधडीत, चार्जर कायम लावून कशी शिजवायची, हा शोध आपला. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र मिळाल्या की ती लवकर म्हातारी होते आणि कधीकधी फुगते. आधी टचपॅडचं बटण दबेनासं होतं, मग झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नाही. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर अशा मशीनकडे नुसतं आडवं धरून बघतो आणि म्हणतो, ‘हिला आता चार्जिंगला लावू नका. आणि टोचूबिचू नका काही.’ म्हणून बऱ्याच कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दिली आहे. मराठी पालकांच्या घरात ही सोय कोणी वापरत नाही. ८० टक्क्यांवर समाधान मानून थांबलेलं काहीही या घरांनी आजवर सहन केलेलं नाही. उरलेले वीस कुठे गेले, हा प्रश्न चार्जरलाही विचारला जातो.

एवढं सगळं असून लॅपटॉप चालू का? कारण त्यात यंत्राचा काही संबंधच नाही. २०२० पासून ऑफिस घरात आलं, आणि त्याबरोबर ऑफिसच्या चॅटमध्ये नावाशेजारचा तो हिरवा ठिपका. पाच मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की ठिपका पिवळा होतो, आणि पिवळा माणूस म्हणजे पगार घेऊन झोपलेला माणूस. विचार करत बसलेला, वहीत आकृती काढणारा, फोनवर ग्राहकाची समजूत घालणारा, सगळे पिवळे. यावर जगभर तोडगे निघाले. आपोआप हलणारे माउस विकत मिळू लागले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कळफलक चालू असल्याचा देखावा केल्याच्या आरोपावरून डझनभराहून जास्त लोकांना घरी पाठवलं. देखावा बोटांनी केला असता तर बढती मिळाली असती.

आपल्याकडे खर्च कमी. काट्याचं घड्याळ उताणं ठेवायचं, त्यावर माउस. सेकंदकाटा खालून फिरतो, पडद्यावरचा बाण थरथरतो, माणूस हिरवा राहतो. नानांच्या चिरंजीवांनी हेच केलं होतं. घड्याळ नानांचं, एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं. ते बनवणारी सरकारी कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. घड्याळ किल्ली दिली की अजून चालतं.

चिरंजीव जेवायला बसले असताना नानांना ते सापडलं.

‘हे इथे कशाला?’

‘मी कामावर आहे हे ऑफिसला दिसावं लागतं, नाना.’

‘म्हणजे हयातीचा दाखला.’

‘तसंच समजा.’

‘आम्ही तो नोव्हेंबरात देतो. वर्षातून एकदा, अंगठा लावून. तोसुद्धा पेन्शन मिळते म्हणून. तुला पेन्शन आहे?’

‘नाही.’

नानांनी घड्याळाला किल्ली दिली, मनगटावर बांधलं आणि ते बागेत फिरायला निघून गेले. सूनबाईंनी घर पालथं घातलं, पण उरलेली सगळी घड्याळं आकडे दाखवणारी. सातव्या मिनिटाला साहेबांचा फोन आला. आवाजात खरी काळजी होती. ‘काय रे, तब्येत बरी आहे ना?’